मळका स्पंज

सोमवार, ५

भांडायला घरात माणूस नाही, म्हणून लिहितेय. ही डायरी साबणाच्या कंपनीचा एजंट दर वर्षी फुकट देऊन जातो आणि दर वर्षी ती मी रद्दीत टाकते. यंदा हिचं नशीब उघडलं.

हे हॉस्पिटलात आहेत. उजवा हात, उजवा पाय गेला. तोंडही जरा वाकडं झालंय, पण बोललेलं कळतं. गेल्या आठवड्यात माशांचं पाणी बदलायला म्हणून भरलेली बादली उचलली आणि हॉलच्या मधोमध बादलीसकट पडले. मी तेव्हा फरशीवर सांडलेल्या पाण्यावरून ओरडत होते. ओरडण्याने काही कुणी पडत नाही. डॉक्टरांनीच सांगितलं, रक्तदाब. गोळ्या घेत नव्हते. मग इतकी वर्षं मी वेगळं काय सांगत होते?

आज बोलायला लागले. पहिलं वाक्य काय, तर "मासे कसे आहेत?" बायको कशी आहे, जेवली का, आमची लॉन्ड्री कोण बघतंय, काही नाही. मासे! म्हटलं, "मजेत आहेत. तुमच्यासारखे पलंगावर लोळत नाहीत." वाटलं आता उसळतील. लग्न झाल्यापासून मी एक बोलावं आणि ह्यांनी दोन ऐकवू नयेत असं कधी झालेलं नाही. तर हे म्हणाले, "बरं."

बरं म्हणे! मी पर्स उचलली आणि निघून आले.

बुधवार, ७

ती माशांची टाकी म्हणजे माझी सवत. खिडकीखालची हॉलमधली सगळ्यात चांगली जागा तिने अडवलीये. दिवसभर लॉन्ड्रीत मशिनींचा खळखळाट ऐकून घरी यावं तर इथे बुडबुड चालूच. किती वेळा सांगितलं, काढा ही ब्याद. तर म्हणायचे, "आधी तुझी जीभ आवर, मग टाकी आवरतो." असा माणूस.

पाच गोल्डफिश आहेत. सगळ्यात म्हातारा तो साहेब. नारिंगी, उजवा गाल पांढरा, आणि बघतो असा की जणू आपणच कामाला उशिरा आलोय. काळा तो वकील, त्याचं तोंड कायम चालू. पोट सुटलेली ती मावशी. आणि दोन लहान, त्यांना नुसतं धाकटे म्हणतात. नावं सगळी ह्यांनी ठेवलेली. मी आजवर एकाही माशाला नावाने हाक मारलेली नाही.

दुपारी पोरीचा फोन आला. ती नोकरीच्या गावी असते, चार दिवस येऊन गेली, आता तिथून सल्ले देते. म्हणाली, "आई, बाबा घरी आले की त्यांचा पलंग हॉलमध्येच लागणार. खिडकीखाली नीट बसतो. तू ती टाकी कुणाला तरी देऊन टाक."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "बापाची वस्तू विकायला निघालीस? अजून आहे तो!"

"अगं, तूच म्हणत असायचीस ना टाकून द्या म्हणून?"

मी म्हणायचे ते वेगळं. मला म्हणायचा हक्क आहे. फोन आपटला. आता तर ठरवलंच, हे घरी येतील तेव्हा पाचच्या पाच मासे जिवंत दाखवीन. उद्या म्हणायला नकोत, बायकोच्या हातात दिले आणि चार दिवसांत मारले. ह्यांच्यावर उपकार म्हणून नाही, ह्यांचं तोंड बंद करायचं म्हणून.

शुक्रवार, ९

आज फिल्टर उघडला. टाकीखालच्या कपाटात बादलीएवढा डबा आहे. टाकीतलं पाणी एका नळीने त्यात उतरतं, गाळलं जातं आणि दुसऱ्या नळीने परत वर जातं. ह्या डब्याला ह्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. स्वतः न्हाणीघरात घेऊन बसायचे. दाराच्या फटीतून बघितलंय मी, टाकीतलंच गढूळ पाणी बादलीत काढायचे, त्यात स्पंज दोनदा दाबल्यासारखा करायचे आणि होता तसा परत आत. बाकीच्याला तर बोटही लावायचे नाहीत. ह्याला सफाई म्हणतात? असे कपडे धुतले तर गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारेल.

डबा उघडला आणि अगं आई गं! वरचा कापूस काळाठिक्कर. त्याखाली दोन जाड स्पंज, चिखलाने जड झालेले. तळाला जाळीच्या पिशवीत चिनी मातीच्या छोट्या छोट्या नळ्या, बोटाच्या पेराएवढ्या, सगळ्यांवर तपकिरी बुळबुळीत थर. आणि हे मासे ह्यातून गाळलेलं पाणी पीत होते! म्हटलं थांबा, तुम्हाला लॉन्ड्रीवालीचा हात दाखवते.

सगळं लॉन्ड्रीत नेलं. स्पंज ब्लीचच्या पाण्यात भिजवले, मग गरम पाण्यात टाकले, मग पाण्यामागून पाणी बदलत खंगाळले, ब्लीचचा वास पार जाईपर्यंत. मी काही अडाणी नाही, ब्लीच माशांना चालत नाही एवढं मला कळतं. नळ्या पातेल्यात खळखळ उकळल्या. कापूस फेकला, नवा घातला. डबा ब्रशने घासला. शेवटी नळ्या अशा निघाल्या की दातच. इस्त्रीवाले काका बघायला आले आणि म्हणाले, "वहिनी, स्पंजाला इस्त्री मारून देऊ का?"

मारा म्हटलं, कडक मारा. हे पडल्यापासून आज मी पहिल्यांदा हसले बहुतेक.

रविवार, ११

पाणी काचेसारखं आहे. साहेबाला खाणं घातलं तर हातापर्यंत आला.

हॉस्पिटलात गेले तेव्हा व्यायामवाली मुलगी आली होती. ह्यांच्या उजव्या हातात रबराचा चेंडू देते आणि म्हणते, दाबा. चेंडू घरंगळून खाली पडतो. मी उचलून द्यायचा. ती म्हणते, "काका, प्रयत्न करा." हे म्हणतात, "बरं." आणि करत नाहीत. भिंतीकडे बघत बसतात. म्हटलं, "अहो, एवढंही जमेना का? घरी तर मोठे पहिलवान होतात." म्हटलं तर चिडतील. तर म्हणाले, "नाही जमत गं."

मग मी पाण्याचा पेला तोंडाशी धरला. दोन घोट घेतले आणि मला म्हणाले, "थँक्यू."

मला! थँक्यू! आजवर ताटात मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस. मी बाहेर जाऊन डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं, "ह्यांना कसलं औषध देताय? माझ्या नवऱ्याला काय केलंत तुम्ही?" ते म्हणाले, असं होतं, ह्या आजारात माणूस मनाने खचतो, तुम्ही शांतपणे घ्या, त्यांना दुखवू नका. शांतपणे घ्या! ह्यांच्या घरी कुणी थँक्यू म्हटलं म्हणजे कळेल ह्यांना.

मंगळवार, १३

सकाळी बघते तर टाकीत ताक. पाणी पांढरंफेक झालंय, पलीकडची भिंत दिसत नाही. पाचही मासे वर येऊन तोंडं उघडी टाकून गपागप हवा घेताहेत.

माशांच्या दुकानात गेले. तो दुकानदार म्हणजे एक नंबरचा गोडबोल्या. "या या वहिनी, दादा कसे आहेत, किती सज्जन माणूस!" फिल्टर धुतल्याचं सांगितलं तर म्हणाला, "उत्तम केलंत. आता जरा चांगला माल भरू या आत." आणि काउंटरवर दुकान मांडलं. कोळशाची पिशवी, ती पाण्याचा रंग आणि वास ओढून घेते. पांढऱ्या खड्यांची पिशवी, ती विष शोषते. प्लास्टिकचे काटेरी गोळे. नळ्या साध्या, नळ्या भारी. बारीक स्पंज, जाड स्पंज, मधला स्पंज.

मी विचारलं, "ह्यातलं नेमकं लागतं काय?"

"वहिनी, तसं सगळंच लागतं."

"आणि क्रम कसा? वर काय, खाली काय?"

"तसं काही नाही. मावेल तसं."

मी पण धंदा करते. गिऱ्हाईक साधा डाग घेऊन आलं की भारी धुलाई गळ्यात मारणारे मला माहीत आहेत. पण काय करणार, ते मासे तसे श्वास घेताना दिसत होते डोळ्यांपुढे. कोळसा घेतला, खडे घेतले, पाणी निवळायच्या थेंबांची बाटली घेतली. घरी येऊन सगळं डब्यात कोंबलं. जागा होईना म्हणून जुना एक स्पंज काढून टाकला.

बुधवार, १४

वकील गेला. तोंड शेवटपर्यंत चालू होतं.

गुरुवार, १५

ह्यांनाच विचारावं म्हणून गेले. सरळ कसं विचारणार? आडून आडून म्हटलं, "अहो, समजा, नुसतं समजा हं, टाकीतलं पाणी जरा पांढरं दिसलं तर काय करायचं असतं?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मी मनात म्हटलं, चिडा. विचारा, काय दिवे लावलेस म्हणून. आणि चिडून का होईना, उपाय सांगा.

"तुला योग्य वाटेल ते कर," म्हणाले. "तू करशील ते बरोबरच असेल."

मी काही करीन ते बरोबर असेल, हे ह्या माणसाच्या तोंडून! लग्नात हार घालताना सुद्धा "सरळ घाल, वाकडा झाला" म्हणून कानात कुजबुजले होते. मला इतका राग आला की तडक बाहेर पडले. जिन्यात बसले थोडा वेळ. एक नर्स येऊन विचारते, "काकू, घाबरलात का?" म्हटलं, "घाबरायला काय झालं? रागावलेय."

घरी मावशी तिरकी पोहतेय. पुन्हा गोडबोल्याकडे. तो म्हणाला, "वहिनी, आत अजून काहीतरी जुनं राहिलं असेल. सगळं काढा, सगळं कोरं करकरीत घाला." तसं केलं. संध्याकाळपर्यंत पाणी होतं त्याहून पांढरं.

शनिवार, १७

आज जे झालं ते आधी लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

दातांच्या डॉक्टरचे कोट आमच्याकडे असतात. ते पोचवायचं काम ह्यांचं, आता माझं. दवाखान्यात बाहेर बसायच्या खोलीत त्यांचीही टाकी आहे हे मी विसरूनच गेले होते. आज समोर बघितली आणि जळफळाट झाला. पाणी असं नितळ की मासे हवेत लटकल्यासारखे. डॉक्टर बाहेर आले तसं मी कोट त्यांच्या अंगावर जवळजवळ फेकलेच आणि विचारलं, "तुम्ही ह्या टाकीचा फिल्टर किती वेळा धुता?"

"मी?" डॉक्टर हसले. "धुतच नाही. आळशी माणूस आहे मी."

खाली वाकून कपाट उघडलं आणि त्यांच्या डब्याचं झाकण काढून दाखवलं. आमच्यापेक्षा घाण! तोच चिखल, तोच बुळबुळीत थर. आणि वर पाणी आरशासारखं. मी म्हटलं, "हे कसं काय?" मग त्यांनी तोंड उघडलं. दातांच्या डॉक्टरसमोर सगळे तोंड उघडून बसतात, उलट बोलणारं कुणी नसतं, त्या सवयीने की काय, थांबेचनात. मासे पाण्यातच खातात, पाण्यातच घाण करतात, त्या घाणीचं विष होतं. ते विष खाऊन टाकणारे सूक्ष्म जंतू असतात आणि ते ह्या स्पंजात, ह्या नळ्यांच्या भोकाभोकांत राहतात. नळ्या त्यासाठीच असतात, जंतूंना घर म्हणून. हा थर म्हणजे तेच. "फिल्टर म्हणजे नुसती चाळणी नव्हे बाई, वस्ती आहे ती. तुम्ही काय केलंत?"

"ब्लीचमध्ये भिजवला," मी म्हटलं. "आणि नळ्या उकळल्या."

डॉक्टरांनी हातातलं झाकण खाली ठेवलं. मग म्हणाले, "अरेरे."

अरेरे! रिसेप्शनवाली हसली तेव्हा तिच्याकडे असं बघितलं की तिने मान खाली घातली. मला इतकी चीड आली! डॉक्टरची नाही. त्या मळाची. अख्खं आयुष्य मी मळाशी झुंजले. कॉलरवरचा, बाह्यांवरचा, चादरीवरचा, कुठलाही असो, माझ्या हातून सुटला नाही. आणि आता हा दातांचा डॉक्टर मला सांगतो की तो मळच माशांना जगवत होता. आणि ह्यांना हे माहीत होतं! न्हाणीघरात दार लावून बसायचे आणि एका शब्दाने सांगितलं नाही. मी बाहेरून ओरडायचे, "झालं का तुमचं? ही काय सफाई आहे?" तर आतून म्हणायचे, "तुला नाही कळायचं." नाही कळायचं म्हणे! सांगून तरी बघायचं होतं.

डॉक्टरांना म्हटलं, "तुमचा थोडा मळ द्या."

हातमोजे चढवून त्यांनी एक स्पंज कात्रीने अर्धा कापला, मूठभर नळ्या काढल्या आणि सगळं त्यांच्याच टाकीच्या पाण्यात पिशवीत बांधून दिलं. म्हणाले, "वाटेत सुकू देऊ नका. नळाखाली धरू नका, त्यातल्या क्लोरीननेही जंतू मरतात. खाणं बंद करा, रोज थोडं थोडं पाणी बदला. आणि हात जोडून विनंती, धुऊ नका; फार गाळ साचला तर टाकीच्याच पाण्यात नुसतं दाबून सोडा." इतकी वर्षं ह्या दवाखान्यातून मळ नेते आणि स्वच्छ करून परत आणते. आज स्वच्छ कोट ठेवून मळ घेऊन निघाले, तोही मांडीवर सांभाळत.

गोडबोल्याचा कोळसा, खडे सगळं उपसून फेकलं. तळाला डॉक्टरांच्या नळ्या, वर त्यांचा घाणेरडा स्पंज. टाकीतून पाणी काढून साठवलेलं पाणी घातलं. अर्धी बादलीच उचलते एका वेळी. पूर्ण भरत नाही.

साहेब तळाशी टेकलाय. काचेवर टकटक केली तर डोळा फिरवला. म्हटलं, "साहेब, एक दोन दिवस काढा. जंतू येताहेत कामाला."

रविवार, १८

साहेब नाही.

सकाळी उलटा तरंगत होता, पांढरा गाल वर. मी त्याला जाळीने काढला, धुतलेल्या रुमालात गुंडाळला आणि खुर्चीत बसून रडले. माशासाठी! कुणी बघितलं असतं तर हसलं असतं. मग त्याला तसाच मांडीवर धरून खूप शिव्या दिल्या. "नऊ वर्षं त्यांच्या हातचं खाल्लंस, आणि माझ्या हातात आल्यावर महिनाभर पण थांबवेना तुला? आता मी त्यांना काय सांगू? ज्या एका गोष्टीची त्यांनी शुद्धीवर येऊन चौकशी केली, तीच ठेवता आली नाही मला."

कुंडीत पुरला. मग लॉन्ड्रीत जाऊन तीन गिऱ्हाइकांशी भांडले.

बुधवार, २८

लिहायला वेळ झाला नाही. सकाळी पाणी, मग दुकान, मग हॉस्पिटल, मग पुन्हा पाणी. पण पाणी निवळलं. आधी ताकाचं धुकं झालं, मग धुक्यातून भिंत दिसायला लागली. मावशी सरळ पोहते. धाकटे दोघं एकमेकांमागे धावतात. डॉक्टरांच्या स्पंजावरचा मळ माझ्या नव्या स्पंजावर चढायला लागलाय. रोज झाकण उघडून बघते. तपकिरी थर दिसला की बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग येतो.

शनिवारी हे घरी येणार. पोरगी आलीये; मासे गेल्याचं तिला फोनवर सांगितलं होतं. येतानाच पिशवीत दोन मासे घेऊन आली, एक काळा आणि एक नारिंगी. तिच्या फोनमध्ये बाबांचे आणि साहेबाचे फोटो आहेत म्हणे, ते घेऊन दुकानं पालथी घातली. नारिंगीचा गाल सुद्धा पांढरा. फक्त डावा.

"बाबांना आत्ता नको सांगायला," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय ना, दुखवायचं नाही. त्यांना कुठे एवढं कळणार आहे?"

न कळायला काय झालंय त्यांना? पण मी मूग गिळून बसले. पलंग आम्ही जेवणाच्या टेबलाच्या जागी लावला. टेबल गेलं. जेवू कुठेतरी बसून.

शनिवार, १

आणलं. रुग्णवाहिकेतल्या दोघांनी खुर्चीत बसवून वर चढवलं. हॉलमध्ये येताच डोळे टाकीकडे. पोरगी म्हणाली, "बघा बाबा, आईने किती छान ठेवलेत!"

मी दाराशीच उभी होते. हे खूप वेळ बघत होते. नव्या नारिंगीने काचेपाशी येऊन वळण घेतलं, गाल दिसला. ह्यांची नजर तिथे थांबली. मला वाटलं, झालं.

"छान," म्हणाले. "साहेब मजेत आहे."

मग मला म्हणाले, "थँक्यू."

रविवार, २

काल दिवसभर तेच. सूप कसंय, छान. पंखा लावू का, चालेल. उशी देऊ का, बरं. पोरीला वाटतं बाबा किती समजूतदार झाले. आज सकाळी चहा मुद्दाम बिनसाखरेचा दिला. प्याले! निमूटपणे प्याले आणि कप माझ्या हातात दिला. माझ्या डोक्याचा ताबा सुटला.

म्हटलं, "काय छान? काल काय छान म्हणालात? तो गाल बघा त्याचा."

"बघितला."

"कुठला आहे?"

टाकीकडे न बघताच म्हणाले, "डावा."

"म्हणजे कालपासून माहीत आहे तुम्हाला!"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला वाईट वाटलं असतं," हे म्हणाले. "आधीच एवढं करतेस माझं."

मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले! हे! मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले, अगदी तोंडाजवळ, आणि म्हटलं, "ऐका मग. साहेब मेला. वकील पण मेला. आजाराने नाही, मी मारले. तुमचा फिल्टर दुकानात नेला, ब्लीचमध्ये भिजवला, गरम पाण्यात घातला आणि नळ्या पातेल्यात उकळल्या. दातांसारख्या पांढऱ्या केल्या. आता म्हणा थँक्यू."

वाटलं, आता हे परत म्हणणार, बरं. पण ह्यांच्या मानेची शीर उठली. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला.

"उकळल्या?" म्हणाले.

"खळखळ."

"नळ्या उकळल्या?" आवाज चढला. "अगं, अक्कल गहाण टाकली होतीस का? नळ्या आहेत का बटाटे? आणि ब्लीच? माशांना ब्लीच?"

"तीनदा खंगाळलं होतं!"

"डोंबल खंगाळलंस! नऊ वर्षं... नऊ वर्षं जपला होता मी तो मळ!" शब्द वाकड्या तोंडातून घसरत होते, थुंकी उडत होती, पण एकेक कळत होता. "तुला सांगितलं होतं ना, त्या डब्याला हात लावायचा नाही?"

"का लावायचा नाही ते सांगितलं होतं? एकदा तरी तोंड उघडलंत? दार लावून बसायचात आत!"

"सांगितलं तर ऐकून घेतेस कधी? दिसला मळ की सुटली, दिसला मळ की सुटली! मला पण घालायचं होतंस मशिनमध्ये!"

"घातलंच असतं, मावला असतात तर!"

पोरगी आतून धावत आली. "आई! काय चाललंय? डॉक्टरांनी काय सांगितलंय? बाबांना त्रास देऊ नकोस!"

"तू मध्ये पडू नकोस!" हे ओरडले. मी पण तेच ओरडले. ती बिचारी तशीच उलट्या पावली गेली. मी ह्यांचा रक्तदाब मोजायला यंत्र आणलं तर म्हणाले, ठेव ते तिकडे, तूच चढवतेस आणि तूच मोजतेस. मोजलाच. वाढलेला होता. डॉक्टर सांगतात त्याच्यावर गेला नव्हता.

मग हुकूम सुटला, डबा आण. बादली आण. टाकीतलं पाणी काढ त्यात, नळाचं नको, किती वेळा सांगायचं. मी म्हटलं, आजवर एकदाही सांगितलेलं नाही. खुर्चीसमोर बादली ठेवली, झाकण काढलं. आत वाकून बघितलं त्यांनी. मळ बघून जरा मऊ झाले, पण मला दाखवलं नाही.

"स्पंज काढ. हां. बुडव."

मी बुडवला आणि हातांना सवय ती, पीळ दिला.

"पिळतेस काय? चादर आहे का ती?" डावा हात आपटला दांड्यावर. "दाब आणि सोड. दाब, सोड. एवढी साधी गोष्ट येत नाही? कुणी शिकवलं तुला धुवायला?"

मला येतं. दातांच्या डॉक्टरने सांगितलं तसं दोनदा करून झालंय, दाबायचं आणि सोडायचं, मळ अर्धा आतच राहू द्यायचा. पोरीला पण दाखवलंय. तरी मी स्पंज पुन्हा बुडवला, दोन्ही टोकं धरून वर काढला, सावकाश चांगला पीळ घातला आणि ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.